‘कमेंट कम्पायलर वाचत नाही’ म्हणणाऱ्या वाचकास

मागचा लेख साउंड ड्रायव्हरमधल्या (आवाजाचं हार्डवेअर चालवणाऱ्या कोडमधल्या) नुसत्या कमेंट, म्हणजे माणसांसाठी लिहिलेल्या टिपा, बदलणाऱ्या एका पॅचबद्दल (सुचवलेल्या बदलाबद्दल) होता. त्याचा रिव्ह्यू तीन फेऱ्यांत झाला आणि ते योग्यच होतं, असं मी लिहिलं होतं. त्यावर एका वाचकांनी टोपणनावानं प्रतिक्रिया दिली आहे. दोन ओळींत आभार मानून मोकळा होणार होतो, पण ते जमेना. ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी ती इथे जशीच्या तशी देतो (कम्पायलर म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम):

“सर, लेख पटला नाही. साउंड ड्रायव्हरमधल्या नुसत्या कमेंट बदलणाऱ्या पॅचला तीन-तीन फेऱ्या मारायला लावणं म्हणजे नाकाने कांदे सोलणं आहे. कमेंट कम्पायलर वाचत नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलीनं पहिलाच पॅच असल्या रिव्ह्युला कंटाळून सोडून दिला, पुन्हा ती तिकडे फिरकली नाही. तुमच्यासारख्या रिव्ह्युअर लोकांनी शुद्धलेखन तपासण्यापेक्षा कोड तपासावा. आणि ४४.१ किलोहर्ट्झला १०२४ फ्रेम म्हणजे २१ नाही, २३ मिलिसेकंद होतात.”

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. फ्रेम म्हणजे सगळ्या चॅनलचा मिळून आवाजाचा एक नमुना, ४४.१ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४४,१०० फ्रेम. १०२४ भागिले ४४,१०० केलं तर २३.२ मिलिसेकंद येतात. मी हिशोब ४८ किलोहर्ट्झचा केला आणि लिहिताना ४४.१ लिहून बसलो. चूक माझी, लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवली की मी मान्य करतो, हे आधीच नोंदवून ठेवलेलं बरं.

आता “तुमच्यासारख्या”. आपण कधी भेटलेलो नाही. मी कसा रिव्ह्यू करतो ते तुम्ही पाहिलेलं नाही, तरी मी कशासारखा आहे हे तुम्हाला ठाऊक. मी २००९ पासून ऑडिओ ड्रायव्हरचं काम करतो. त्यातली पहिली चार वर्षं एका पत्र्याच्या शेडमधल्या लॅबमध्ये, हेडफोन कानाला लावून, ‘पॉप’ कधी येतो याची वाट बघत काढली आहेत. कोडेक (आकड्यांचा आवाज करणारी चिप) चालू होताना स्पीकरमधून येणारा तो ‘टक्’ आवाज माझ्या झोपेत यायचा. ‘कोड तपासावा’ हा सल्ला मला देताना एवढं तरी विचारायचं होतं की बाबा, तू आधी काय करत होतास. पण विचारणं वेगळं आणि सुनावणं वेगळं. असो.

तुमच्या प्रतिक्रियेतलं एक वाक्य मात्र मला सोडवत नाही. “कमेंट कम्पायलर वाचत नाही.” किती ठामपणे लिहिलंय! जीसीसी या कम्पायलरची सातवी आवृत्ती २०१७ साली आली. तेव्हापासून स्विचमधल्या (अनेक पर्यायांतून एक निवडणाऱ्या रचनेतल्या) एका केसमधून, म्हणजे पर्यायातून, ब्रेक न लावता पुढच्या केसमध्ये घसरलात तर ती सूचना देऊ शकते. सूचना नको असेल तर काय करायचं? तिथे ‘फॉल थ्रू’ अशी कमेंट लिहायची. ती कमेंट जीसीसी वाचायचं. नुसतं वाचायचं नाही, तर ठरावीक साच्यातलेच शब्द मान्य करायचं. कुणी भाषा सुधारायला म्हणून त्याजागी ‘इथून पुढेही हेच करा’ असं छान वाक्य टाकलं, की सूचना परत हजर. म्हणजे कमेंटपलीकडे एक अक्षर न बदलता बिल्डचा निकाल बदलला. ही सूचना २०१९ साली सगळ्या लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासाठी, चालू झाली. ट्रिगर आणि फॉरमॅट हाताळणाऱ्या स्विचेसनी भरलेल्या साउंड ड्रायव्हरांत अशा कमेंटी कमी नव्हत्या.

आता म्हणाल, हे जुनं झालं, कर्नलमध्ये त्यासाठी वेगळा शब्दच आला. आला, त्याच वर्षी. पण का आला? क्लँग हा दुसरा कम्पायलर सी कोडमधल्या त्या कमेंटी मानत नव्हता, म्हणून. एक कम्पायलर वाचतो, दुसरा वाचत नाही, तेव्हा कमेंट हटवून कोड लिहावा लागला. कमेंट कम्पायलर वाचत नाही हे जर विश्वाचं सत्य असतं, तर एवढा खटाटोप कुणी कशाला केला असता?

स्लॅश आणि दोन तारे लावून सुरू होणाऱ्या कमेंटींचं काय? त्या कर्नल-डॉकच्या, म्हणजे कमेंटींतून माहितीपुस्तिका बनवणाऱ्या साधनाच्या, असतात. फंक्शनच्या आर्ग्युमेंटचं नाव बदललं आणि वरच्या कमेंटमध्ये जुनंच राहिलं, तर जादा तपासणीचा बिल्ड लावल्यावर ‘या पॅरामीटरचं वर्णन नाही’ अशी तक्रार येते. उलटही होतं. कमेंट ‘नीट’ करताना कुणी पॅरामीटरच्या नावातलं अक्षर गाळतं आणि तक्रार नसलेल्या फाइलीत तक्रार जन्माला येते. फाइलीच्या पहिल्या ओळीतली परवान्याची खूणही कमेंटच असते आणि तीही यंत्रंच वाचतात. तुम्ही म्हणाल, कर्नल-डॉक म्हणजे कम्पायलर नव्हे. बरोबर. शब्दच्छल करायचाच असेल तर माझ्याकडे वेळ आहे.

पण समजा तुमचं वाक्य शंभर टक्के खरं आहे. मग तर माझा मुद्दा पक्काच होतो! जी गोष्ट कम्पायलर वाचत नाही, जिच्यावर टेस्ट चालत नाही, ती चुकली की कुठेच लाल दिवा लागत नाही. तिला माणसाच्या डोळ्याखेरीज राखण नाही. कोडमधली चूक निदान कधीतरी ओरडते.

एक प्रसंग सांगतो. कंपनीचं नाव सांगणार नाही, तसं ते आता उरलेलंही नाही. आम्ही एक कॉन्फरन्स फोन करत होतो. आत लिनक्स, वर पल्सऑडिओ (ॲप आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये बसून आवाज सांभाळणारा प्रोग्रॅम). आमच्या ड्रायव्हरमध्ये एक साफसफाईचा पॅच आला. ‘कमेंटमधल्या किरकोळ चुका दुरुस्त’, असं वर लिहिलेलं. अकरा ओळी. ‘रिसीव्ह’चं स्पेलिंग, ‘चॅनल’मधला एक राहिलेला एन, दोन ठिकाणी पूर्णविराम. आणि सातव्या की आठव्या ओळीत व्हॉल्यूमच्या टेबलावरची कमेंट: ‘एकक ०.०१ डीबी’ होतं, ते ‘०.१ डीबी’ केलेलं. करणाऱ्याला वाटलं असणार, डेसिबलचा शंभरावा भाग कोण मोजतो, टायपो दिसतोय. मी दोन मिनिटांत पॅच पास केला. कमेंटच तर होत्या.

आल्सामध्ये (लिनक्सच्या आवाज-यंत्रणेत) व्हॉल्यूमचं माप सांगणारा जो मॅक्रो (कोडचा तयार साचा) आहे, त्यात किमान पातळी आणि पायरी डेसिबलच्या शंभराव्या भागात लिहायची असते. आमचा कोडेक उणे ६३.५ डीबीपासून शून्यापर्यंत, अर्ध्या-अर्ध्या डीबीच्या पायरीनं जाणारा. म्हणजे उणे ६३५० आणि ५०. पाच महिन्यांनी दुसऱ्या बोर्डासाठी नवा कोडेक आला, माप तेच. नवं टेबल लिहिताना वरची कमेंट बघून, एकक ०.१ धरून, उणे ६३५ आणि ५ असं लिहिलं गेलं. कोणी लिहिलं, हा इथे मुद्दा नाही.

मग काय झालं बघा. ड्रायव्हरनं पल्सऑडिओला सांगितलं, माझी अख्खी धाव ६.३५ डीबीची आहे. चिपमधलं रजिस्टर मात्र खरी ६३.५ डीबीच धावत होतं. पल्सऑडिओत स्लायडर १०० वरून ८० टक्क्यांवर आणला की ते साधारण ५.८ डीबी कमी करायला जातं. आमच्या टेबलाप्रमाणे ५.८ म्हणजे ११६ पायऱ्या. प्रत्यक्षात प्रत्येक पायरी अर्ध्या डीबीची. म्हणजे ५८ डीबी! स्लायडर नखभर खाली ओढला की फोन मुका. आम्ही आधी ॲम्प्लिफायरवर संशय घेतला, मग पॉवर सप्लायवर, मग पल्सऑडिओला शिव्या घातल्या. एकानं स्पीकर बदलून पाहिला. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी हार्डवेअरचा एक मुलगा, ज्याला ड्रायव्हरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, तो म्हणाला, “सर, हे सगळं बरोब्बर दहापट दिसतंय.”

गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) त्या कमेंटचा इतिहास काढला. खाली रिव्ह्यू करणाऱ्याचं नाव होतं. माझं.

तेव्हा नाकाने कांदे सोलण्याबद्दल मला सांगू नका. नंतर हातानं सोलले आहेत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

तुम्ही म्हणाल, मग नवीन टेबलाचा रिव्ह्यू नीट करायचा होता, चूक कोडमध्ये होती. हे म्हणणं मी ऐकलं आहे, त्या वेळच्या मॅनेजरकडूनही. त्यांनाही मी तेव्हा उत्तर दिलं होतं.

आणि हे एकट्या डेसिबलचं नाही. आवाजाच्या कोडमध्ये एकच आकडा तीन भाषांत बोलतो. मागच्या लेखातलं उदाहरण तेच होतं: पीरियड (एका वेळी पाठवायचा आवाजाचा तुकडा) १०२४, पण कशाचे? फ्रेमचे की बाइटचे? १६ बिट स्टिरिओला एक फ्रेम चार बाइटची. १०२४ बाइट धरले तर फ्रेम उरतात २५६. ४८ किलोहर्ट्झला (या वेळी नीट लिहितोय) २१.३ मिलिसेकंदांचा पीरियड होतो ५.३ चा. आल्साचा पॉइंटर कॉलबॅक (कुठवर वाजलं ते सांगणारं फंक्शन) उत्तर देतो फ्रेममध्ये, डीएमएचं (मेमरीतून परस्पर डेटा हलवणाऱ्या यंत्रणेचं) रजिस्टर बहुतेक वेळा बोलतं बाइटमध्ये. त्या दोघांमध्ये दुभाषा म्हणून उभी असते एक ओळीची कमेंट. कुणी ती ‘सोपी’ करायला गेलं आणि एकक उडवलं, तर मी पॅच परत पाठवणार. चौथ्यांदासुद्धा.

मास्टर-स्लेव्हचे शब्द काढायची मोहीम आठवते का? २०२० साली कर्नलच्या कोडिंग स्टाइलमध्ये तशी सूचना आली आणि मग साउंडमध्ये घड्याळ (वेळेचा सिग्नल) देणाऱ्या मास्टरला ‘प्रोव्हायडर’ आणि घेणाऱ्या स्लेव्हला ‘कन्झ्युमर’ म्हणायचं ठरलं. चांगलं झालं, माझं त्यावर काही म्हणणं नाही. पण गोम अशी की जुने मॅक्रो कोडेकच्या बाजूनं बोलायचे. ‘सीबीएस सीएफएस’ म्हणजे बिट क्लॉक आणि फ्रेम या दोन्हींत कोडेक स्लेव्ह. प्रोसेसरच्या बाजूच्या ड्रायव्हरमध्ये त्याच केसखाली कमेंट असायची, ‘आपण मास्टर’. दोन्ही खरं. एका दमात शोधा-आणि-बदला चालवणाऱ्यानं वर ‘एस’ पाहिला आणि खालची कमेंट ‘आपण कन्झ्युमर’ करून टाकली, तर ते वाचायला सुसंगत दिसतं आणि असतं बरोबर उलटं. पुढचा माणूस त्या कमेंटवर विसंबून बोर्ड उठवायला बसला तर दोन्ही चिप एकमेकींच्या घड्याळाची वाट बघत बसतात. आवाज नाही, एररही धड नाही, ऑसिलोस्कोपवर सपाट रेघ. २०२२ मध्ये ही नावं ज्या त्या बाजूच्या दृष्टीनं लिहायची सोय झाली, त्यामागे हाच गोंधळ होता. असे पॅच तपासताना मी दोन्ही बाजूंचे ड्रायव्हर उघडून बसतो. याला कुणी शुद्धलेखन म्हणत असेल तर खुशाल म्हणावं.

बाकीचे मुद्दे चटकन घेतो. तीन फेऱ्या: लेखातल्या पॅचची दुसरी फेरी केवळ दोन स्लॅश आणि स्लॅश-तारा या कमेंट लिहायच्या दोन पद्धतींची सरमिसळ होती म्हणून झाली, असं तुम्ही सुचवताय बहुधा. फाइलीच्या वरचा सगळा कमेंटचा ठोकळा एकाच पद्धतीचा हवा, ही एएसओसीमधली (कर्नलच्या साउंडच्या एका विभागातली) रीतच आहे, मी काढलेली नाही. तुमच्या ओळखीच्या त्या मुलीबद्दल वाईट वाटलं. पण तिच्या पॅचमध्ये काय होतं, रिव्ह्यू काय आला, हे काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. त्यावर मी काय बोलणार? नवख्यांशी कसं वागावं हा मोठा विषय आहे, कधीतरी वेगळं लिहीन.

माझ्याकडेही नवखे येतात. मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगतो की कमेंट बदलायची तर आधी खालचा कोड तोंडपाठ व्हायला हवा. त्यातले दोघं आज माझ्यापेक्षा चांगलं काम करतात. बाकीच्यांचं काय झालं ते मला नक्की आठवत नाही.

टोपणनावाऐवजी नावानं लिहिलं असतंत तर बरं वाटलं असतं, पण तो तुमचा प्रश्न.

ता. क. तुमच्या प्रतिक्रियेत ‘रिव्ह्यु’ दोनदा आलंय आणि दोन्ही वेळा ऱ्हस्व आहे. वर उतरवून घेताना मी ते तसंच ठेवलंय.