आमच्याकडे सुरुवात रेडिओपासून
स्टील गिटारवरच्या या लेखात, ती वाजवण्याची पद्धत काढणाऱ्या हवाईच्या जोसेफ केकुकूपासून सुरुवात केलीय ते बरोबरच, पण आमच्या पिढीला स्टील गिटारचं वेड लावलं रेडिओने. दोन कार्यक्रमांच्या मधे वेळ भरायला गाण्यांची नुसती धून लावायचे ना, त्यात सुनील गांगुली नाहीतर व्हॅन शिप्ले यांची गिटार हमखास, आणि निवेदक नाव सांगेलच असं नाही. पंचवटीत आमच्या वाड्यात एक काका गिटार मांडीवर आडवी ठेवून डाव्या हातातली स्टीलची कांडी तारांवरून अशी सरकवायचे की मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, थेट गळ्यातून आल्यासारखी, मी दप्तर तिथंच टाकून बसायचो. याच गिटारवर शास्त्रीय संगीत वाजवणारे ब्रिजभूषण काब्रा मात्र फार उशिरा ऐकले, १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या अल्बममधे संतूर-बासरीबरोबर त्यांचीच गिटार आहे. लेखात त्यांचं नावही नाही हे खटकलंच. बाकी नाशिकमधे हल्ली कोणी शिकवतं का हो?