पर्स पोटाशी, कोपर बाहेर

आमच्या ह्यांनी तरुणपणी तबल्याच्या दोन परीक्षा दिल्या आहेत. त्यामुळे जगात कुठेही एका वस्तूवर दुसरी आपटल्याचा आवाज आला की हे आधी सम शोधतात. मिक्सर असो, शेजाऱ्यांचं सुतारकाम असो, यांची मान डोलायला लागते. तेव्हा हवानात दर रविवारी दुपारी एका गल्लीत रुम्बा, म्हणजे ढोल-गाण्यावरचा क्युबन नाच, रंगतो हे कळल्यावर माझा समुद्रकिनाऱ्याचा बेत बारगळणार, हे उघडच होतं.

गल्लीचं नाव कायेहोन दे आमेल. साल्वादोर गोन्सालेस या चित्रकाराने १९९० पासून ती रंगवायला घेतली, आणि आता कोरी भिंत औषधालाही सापडत नाही. मधूनमधून जुने बाथटब मांडलेले, काही चक्क कापून बाक केलेले. मी अशाच एका अर्ध्या टबात बसले. घरी बाथटब हवा म्हणून कितीतरी वर्षं हट्ट धरला होता. मिळाला तो असा, भर गल्लीत, कपड्यांसकट.

एकाने दोन लाकडी दांडके एकमेकांवर वाजवायला सुरुवात केली. ती क्लावे. रुम्ब्याचा सगळा डोलारा तिच्यावर उभा. हे ताठ झाले. "सोळा मात्रा! म्हणजे आपला तीनतालच!" पण ठोके पडत होते पहिल्या, चौथ्या, आठव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर. आठव्यावर पडला आणि नवव्यावर काहीच नाही, हे बघून यांचा चेहरा पगाराच्या दिवशी बँक बंद असल्यासारखा झाला. "अगं, नवव्याला काहीच नाही!" हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं, की जणू ती मात्रा मीच कुठेतरी ठेवून विसरले होते.

तोंड गप्प बसेना, मग इतिहास सुरू झाला. क्युबात गुलामगिरी संपली १८८६ साली. मातान्सास आणि हवानाच्या बंदरांवर राबणारी काळी माणसं सोलार नावाच्या दाटीवाटीच्या वाड्यांच्या अंगणात जमून वाजवायची, गायची. ढोलावर सरकारची वक्रदृष्टी, म्हणून खारवलेल्या कॉड माशांची खोकी बडवायची. त्या खोक्यांचंच पुढे काहोन नावाचं वाद्य झालं. मुळं थेट आफ्रिकेत: काँगोकडच्या लोकांचे नाच, कॅमेरून-नायजेरियाच्या सीमेकडून आलेल्यांनी क्युबात उभ्या केलेल्या अबाक्वा या पुरुषांच्या गुप्त मंडळाची पावलं. "आणि २०१६ मध्ये युनेस्कोने—" इथे मी डोळे वटारले. मासळीच्या रिकाम्या खोक्यातून असा नाद काढणाऱ्यांना युनेस्कोचा कागद नसता तरी काय फरक पडणार होता?

सुरुवातीला यांबू हा रुम्ब्याचा प्रकार झाला. संथ, म्हाताऱ्यांच्या चालीचा. तोवर मी निवांत होते. मग लय चढली, ग्वाग्वांको सुरू झाला, आणि एका दणकट बाईने मला टबातून उपसून रिंगणात उभं केलं. मी "नो, नो" म्हणत होते. तिला ते बहुधा क्लावेत बसलेलं वाटलं.

ग्वाग्वांकोचा मामला असा: पुरुष बाईभोवती घिरट्या घालतो, गोड हसतो, इकडे तिकडे बघतो, आणि ती बेसावध झाली की कंबरेचा, पायाचा नाहीतर रुमालाचा एक झटका तिच्या रोखाने मारतो. त्याला वाकुनाओ म्हणतात. तिने तेवढ्यात घागऱ्याने किंवा हाताने स्वतःला झाकायचं. सगळ्यात चढ्या आवाजाचा ढोल किंतो, तो या दोघांवर डोळा ठेवून वाजतो.

माझ्यासमोर पांढऱ्या टोपीतला एक लवचिक गृहस्थ आला. नाच मला येत नाही. पण कॉलेजपासून निवृत्तीपर्यंत मी भर गर्दीच्या वेळी शहर बसने उभ्याने प्रवास केला आहे. पर्स पोटाशी, कोपर बाहेर, नजर समोर, लक्ष चहूकडे. त्याने रुमाल उडवला, पर्स आडवी. पाय टाकला, मी बगल देऊन पुढच्या स्टॉपवर. तो मागून आला. कोपर तयारच होतं. किंतोवाला खदखदून हसला आणि माझ्या प्रत्येक पर्सेला एक थाप द्यायला लागला. बायका ओरडत होत्या. टोपीवाल्याला घाम फुटला. बसमधल्या कुणाला मी इतकी वर्षं उघड हसून हरवू शकले नव्हते. इथे त्यासाठी टाळ्या मिळत होत्या!

आणि नेमकं तेव्हाच टबाकडून आवाज आला: "सापडली! अगं, सम सापडली!"

मी वळून बघितलं. हे टबात उभे राहून दोन्ही हात उंचावून एकावर टाळी देत होते.

रुमाल लागला. गल्लीभर जल्लोष, टोपीवाल्याने कमरेत वाकून नमस्कार केला. त्या दणकट बाईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे, आणि काय समजायचं ते समजली. पुढच्या यांबूला तिने ह्यांना टबातून उपसलं.