मीटिंग पळवणाऱ्यांनो, रिमोट खाली ठेवा

'शिन गॉडझिला' हा जपानी राक्षसपट बघताना जो माणूस मीटिंगचे सीन पुढे ढकलतो, त्याच्या हातात जन्मात पुन्हा रिमोट देऊ नये असा कायदा करा कोणीतरी. आणि लगेच करा, त्यासाठी समिती नेमत बसू नका.

काल आमच्या साडूंनी हे पाप केलं. पंतप्रधान खुर्चीत टेकले की टिक टिक टिक, दहा दहा सेकंद पुढे. तज्ज्ञ आले, टिक टिक. कुणी फाइल उघडली, टिक. "राक्षस आला की थांबवतो हो!" अहो, राक्षस कधीचा आलाय! तो टोकियोच्या उपसागरातून वर येत होता तेव्हाच हे लोक मंत्र्यांना या खोलीतून त्या खोलीत हलवत होते आणि तुम्ही नेमकं तेच पळवलंत. बरं, एका बैठकीवर तर दिग्दर्शकानेच 'यापुढचं वगळलं आहे' अशा अर्थाची पाटी टाकून ती कापलीय. त्याला कळतं हो, लोक कंटाळतात ते. साडूंनी ती पाटीसुद्धा पळवली!

पण खरी तिडीक गेली ती हेलिकॉप्टरच्या सीनला. तो बटबटीत डोळ्यांचा गडी घरं चिरडत चाललाय, हेलिकॉप्टरं समोर येऊन हवेत थांबलीत, आता फक्त हुकूम यायचा बाकी. तेवढ्यात रेल्वे फाटकावर कोणीतरी दिसतं, पाठीवर एका म्हाताऱ्या माणसाला घेऊन चाललेलं. मग 'मारू का?' हा प्रश्न पायलटकडून त्याच्या वरच्याकडे, तिथून त्याच्याही वरच्याकडे, असा पायऱ्या चढत संरक्षणमंत्रीणबाईंपर्यंत, आणि त्या वळून पंतप्रधानांना विचारतात. त्या पंतप्रधानांचा चेहरा बघा जरा! थोड्याच वेळापूर्वी या माणसाने टीव्हीवर देशाला छातीठोक सांगितलंय की हा प्राणी जमिनीवर येणं शक्य नाही, आणि तिथेच हातात चिठ्ठी पडलीय की टोकियोच्या कामाता भागात आला. आता त्याच्यासमोर प्रश्न आहे, एक-दोन नागरिक की अख्खं शहर? तो म्हणतो, नागरिकांवर गोळी चालवता येणार नाही. हल्ला रद्द. राक्षस आरामात समुद्रात परत.

हे सगळं टिक टिक टिक करून साडू थांबले कुठे? राक्षस पाण्यात शिरतो तिथे. आणि वर मला विचारतात, "अरे, गोळ्या का नाही मारल्या? बावळट आहेत का हे लोक?"

बावळट!

मग माझा पट्टा सुटला. सैन्य बाहेर काढायचं तर कोणत्या कलमाखाली, यावरच आधी डोकं फोडावं लागतं तिथे, कारण समोर दुसऱ्या देशाची फौज नसून एक जनावर आहे. पिक्चर 2016 चा, 2011 चा भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमाच्या अणुभट्टीचा अपघात होऊन पाचच वर्षं झालेली. मंत्री मध्येच सूट उतरवून आपत्तीचे ते निळे कपडे चढवतात, ते जपानी प्रेक्षकाने टीव्हीवर खरोखर पाहिलेले. ते तीन म्हातारे प्राध्यापक आठवा, आणीबाणीत बोलावून आणलेले. पुरावा नाही म्हणून काही सांगता येत नाही, एवढंच सांगायला आलेले. आणि पर्यावरण खात्यातली एक कनिष्ठ बाई चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणते की हा किनाऱ्यावर चढू शकतो. बरोबर कोण ठरतं? हे सगळं मी पिक्चर पॉज करून उभ्याने सांगत होतो. बायकोने पाण्याचा ग्लास हातात दिला आणि म्हणाली, "आधी तू शांत हो." पिक्चरमध्ये एका चिडलेल्या नेत्याला त्याचा सहकारी पाण्याची बाटली छातीवर आपटून अगदी हेच ऐकवतो. तिने पिक्चर पाहिलेला नाही. मी गपचूप पाणी प्यायलो. तसंही ऐकत कोणीच नव्हतं, पॉजवर सगळे मोबाइलमध्ये घुसले होते.

आता निघालाच आहे विषय तर अमेरिकन राक्षसपटांचंही सांगतो. एक शास्त्रज्ञ, त्याचं कोणी ऐकत नाही, त्याचा घटस्फोट झालेला, शहर बुडेपर्यंत बायको परत येते. सरकार म्हणजे एक खडूस जनरल आणि एक बटण. हे साडूंना दोनदोनदा चालतं, टिक न करता!

दुसरी जमात त्याहून डोक्यात जाते. 'सरकारी कारभार म्हणजे असाच, कशी मस्त टर उडवलीय' म्हणत टाळ्या पिटणारी. टर आहेच हो, पण अर्धा पिक्चरच बघता का तुम्ही? मंत्रिमंडळाचं हेलिकॉप्टर राक्षसाच्या एका फुत्कारात जातं, आणि मग काम कोण करतं? जमिनीवर झोपणारे, शर्टाला वास येणारे, वरिष्ठांना नकोसे झालेले कारकुनी किडे. फोटोकॉपी मशीन, फोन, कारखान्यांना विनवण्या. काळजीवाहू पंतप्रधान नूडल्स भिजून लगदा झाल्या म्हणून कुरकुरतो, आणि तोच माणूस फ्रान्सच्या राजदूतासमोर कंबरेत वाकून राहतो, राक्षसावर अणुबाँब पडायच्या आत थोडा वेळ मिळावा म्हणून. शेवटी राक्षसाच्या तोंडात गोठवणारं औषध ओततात ते काँक्रीटच्या पंपगाड्यांनी, फुकुशिमात पाणी मारायला आणल्या होत्या तसल्याच. पहिली तुकडी चिरडली जाते, दुसरी पुढे सरकते. तेही सरकारी हुकमानेच ना?

आणि 'गॉडझिला मायनस वन' या दुसऱ्या जपानी पिक्चरशी तुलना करणाऱ्यांनो, तुम्ही तर बोलूच नका. तिथे युद्ध हरलेल्या देशात सरकार जागेवरच नाही म्हणून जुने नौसैनिक आपापल्या जबाबदारीवर निघतात. दोन्ही आवडू शकतात हो माणसाला! प्रत्येक वेळी कुस्ती कशाला लावायची?

असो. शेवट. तो गोठतो, टोकियो स्टेशनजवळ, उभाच्या उभा. मग कॅमेरा त्याच्या शेपटीच्या टोकाशी जातो आणि तिथे जे दिसतं ते बघून पहिल्यांदा मला झोप लागली नव्हती. साडूंनी त्याआधीच क्रिकेट लावलं होतं. जाहिरात लागली तेव्हा म्हणाले, "मेला ना शेवटी?"

मेला नाही, म्हटलं. नुसता थिजलाय. हलला तर बाँबची थांबवलेली उलटी मोजणी पुन्हा सुरू होणार, आणि तेव्हा हातात तासभरही नसणार.

"म्हणजे दुसरा भाग येणार!"