फोन उचलणाऱ्याचं काय?

रुग्णवाहिका उशिरा पोहोचली की महाराष्ट्रात वाद ठरलेला असतो: गाड्या किती, त्यातल्या चालू किती, यायला किती मिनिटं लागली. हल्ली त्यात जीपीएस आणि एआयची भर पडली आहे. मी अमेरिकेत सिएटलजवळ, किंग काउंटी या जिल्ह्यात राहते. इथून हा वाद वाचताना सारखं वाटतं, फोन उचलणाऱ्या माणसाबद्दल कुणीच बोलत नाही.

इथे ९११ या आपत्कालीन क्रमांकाचा फोन घेणारे १९८०च्या दशकापासून फोनवरूनच सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबणं, करून घेतात. आधी दोन प्रश्न: माणूस शुद्धीवर आहे का? श्वास नीट चालू आहे का? दोन्हीला 'नाही' आलं की छाती दाबायला सांगायचं आणि मिनिटाला १०० ते १२० या गतीने सोबत मोजत राहायचं. अवघड असतो तो दुसरा प्रश्न. हृदय थांबल्यावरही काही जण आचके देतात आणि घरच्यांना वाटतं, श्वास आहे. रडारड, आरडाओरडा चालू असताना हा फरक ओळखायला तयार कान लागतो, आणि तो तयार करावा लागतो.

आपल्या १०८च्या गाडीत डॉक्टर असतो. इथे बहुधा पॅरामेडिक किंवा ईएमटी, म्हणजे डॉक्टर नसलेले प्रशिक्षित कर्मचारी. ही आपली मोठी जमेची बाजू. ११२चा कॉल तर राज्यभरातून नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात जातो. इथे काउंटीच्या हद्दीवरचा कॉल कधी शेजारच्याच केंद्रात पडतो आणि पुन्हा फिरवावा लागतो. तेव्हा इथलं सगळं उचलून तिकडे न्यावं, असं मी म्हणणार नाही.

मुळात अमेरिकेलाही फोन उचलणाऱ्या या माणसांची किंमत पुरती कळलेली नाही. केंद्र सरकारच्या व्यवसाय-वर्गीकरणात ते आजही कार्यालयीन कर्मचाऱ्यांत मोडतात. ते बदलण्यासाठीचं विधेयक २०१९पासून पुन्हा पुन्हा मांडलं जातंय. अनेक केंद्रांत माणसं कमी आहेत. त्यात २०२२मध्ये आयफोनला अपघात ओळखून आपोआप फोन लावण्याची सोय आली आणि बर्फावर स्कीइंग करणाऱ्यांचे फोनही अपघात नसताना ९११ला जाऊ लागले. प्रत्येक कॉल खरा की खोटा, हे माणसालाच तपासावं लागलं.

तंत्रज्ञान हवंच. फोन करणाऱ्याला पत्ता सांगता येत नसेल तर हँडसेटवरून आलेलं ठिकाण जीव वाचवतं. तातडीचे नसलेले कॉल एआयने घ्यावेत, बोलणं टिपून ठेवावं. पण घाबरलेल्या बाईला 'ताई, हात छातीच्या मधोमध ठेवा, मी मोजतो' हे माणसानेच सांगायला हवं, आणि तिला समजेल अशा मराठीत. समोरून अहिराणी किंवा वऱ्हाडी आली तरी अडायला नको.

१०८च्या पुढच्या निविदेत गाड्यांच्या संख्येशेजारी फोन उचलणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे तास लिहा. दर महिन्याला आणखी एक आकडा जाहीर करा: हृदय थांबल्याच्या किती कॉलमध्ये फोनवरून छाती दाबणं सुरू झालं, आणि किती सेकंदांत.