बिल्बाओचा गोरा मास्तर

ऑगस्ट 2025 मध्ये खालिद जमील भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक झाले, तेव्हा आमच्या कोल्हापूरच्या शाळूसोबत्यांच्या ग्रुपवर दिवाळी साजरी झाली. तेरा वर्षांनी आपला माणूस! ‘बास झाले आता गोरे’ हा सूर सगळ्यांत मोठा. शेवटच्या तिघांत स्टीफन कॉन्स्टंटाइन हा इंग्रजही होता. त्याच्याच काळात आपण जागतिक क्रमवारीत 173 वरून 96 व्या क्रमांकावर गेलो होतो, असं एकाने बिचकत लिहिलं. त्याला लगेच गप्प केलं गेलं.

मी राहतो उत्तर स्पेनमधल्या बास्क प्रदेशात, बिल्बाओत. भूमिपुत्रांच्या बाबतीत हे गाव आपल्याहून कैक पटींनी कडवं. इथल्या अ‍ॅथलेटिक क्लबात बास्क मातीत जन्मलेला किंवा इथेच खेळ शिकलेला खेळाडूच घेतात. तरीही रेआल माद्रिद आणि बार्सिलोना यांच्याखेरीज स्पॅनिश लीगच्या पहिल्या विभागातून कधीच न घसरलेला हा एकमेव क्लब. आणि याच क्लबच्या इतिहासात ज्याचं नाव आजही प्रेमाने निघतं, तो फ्रेड पेंटलंड इंग्रज होता.

पेंटलंड वुल्व्हरहॅम्प्टनचा. ब्लॅकबर्न, मिडल्सब्रोकडून खेळला, 1909 मध्ये इंग्लंडकडूनही. 1914 मध्ये जर्मनांना शिकवायला गेला आणि महायुद्ध पेटलं, त्यामुळे युद्धाचा काळ बर्लिनजवळच्या रूलेबेन छावणीत कैदेत गेला. 1922 मध्ये तो बिल्बाओला आला. पहिल्याच सरावाला त्याने खेळाडूंना बुटांच्या नाड्या नीट बांधायला शिकवल्या, असं सांगतात. साध्या गोष्टी जमल्या की पुढचं जमतं, हा त्याचा हिशेब. चेंडू लांब भिरकावून मागे धावण्याऐवजी तो छोटे पास शिकवायचा. दुसऱ्या खेपेला, 1929 ते 1933 या काळात, दोन लीग आणि सलग चार कोपा, म्हणजे स्पेनचा राष्ट्रीय चषक. 1929-30 ची लीग तर एकही सामना न हरता. 1931 मध्ये बार्सिलोनाला 12-1! तोंडात सिगार, डोक्यावर बोलर हॅट. मोठा सामना जिंकला की पोरं ती हॅट हिसकावून तिच्यावर उड्या मारायची. किती हॅट खपल्या असतील देव जाणे.

आता गंमत बघा. मे 1929 मध्ये माद्रिदला स्पेनने इंग्लंडला 4-3 हरवलं. ब्रिटिश बेटांबाहेरच्या संघाकडून इंग्लंडचा हा पहिलाच पराभव, आणि स्पेनच्या तयारीत पेंटलंडचा हात होता. स्पेनमधल्या यादवी युद्धामुळे तो मायदेशी परतला, पुढे मुख्य प्रशिक्षकपद मिळालं ते तिसऱ्या विभागातल्या बॅरो क्लबचं. पिकतं तिथे विकत नाही!

म्हणून ‘आपला की परका’ हा वाद मला पोकळ वाटतो. पेंटलंड आला तेव्हा इथे मैदानं होती, गल्लीगल्लीत क्लब होते, आणि त्याला एका खेपेला तीन, दुसऱ्या खेपेला चार वर्षं मिळाली. आपण काय दिलं? जमील यांच्या आधीचे स्पॅनिश प्रशिक्षक मानोलो मार्केझ भारताचा संघ सांभाळत होते आणि त्याच वेळी एफसी गोवा हा क्लबही. वर्षभरात गेले. जुलै 2025 मध्ये तर फुटबॉल महासंघ आणि आयोजक यांच्यात करार होत नाही म्हणून आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, नवा हंगामच रोखून धरला होता. देशातली मुख्य लीग होणार का हे तेव्हा ठाऊक नव्हतं आणि आम्ही भांडत होतो प्रशिक्षकाच्या पासपोर्टवर.

जमील यांच्याबद्दल मला शंका नाही. 2017 मध्ये आयझॉलसारख्या छोट्या क्लबला त्यांनी आय-लीग जिंकून दिली. ते येरागबाळ्याचं काम नव्हे. पण राष्ट्रीय प्रशिक्षकाला तयार पोरं लागतात, आणि ती खालून यायची असतात. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे फुटबॉल संघ भिडतात तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. बाहेरचे खेळाडू आणावेत का, यावर पेठापेठांत हमरीतुमरी होते. बारा वर्षांच्या पोरांसाठी वर्षभर पगारी प्रशिक्षक किती तालमी ठेवतात, यावर एकदा तशीच होऊ द्या. त्या भांडणात मी इथून, झोपमोड करून, नक्की उतरेन.