गाडी कुणाला, डिझेल कुणाचं

आज जेवणाच्या सुट्टीत एचआरची मेल आली. ‘कार पॉलिसी’. पानं चार, सार एका ओळीचं. सीनियर मॅनेजर आणि त्याच्या वरच्यांना गाडी, खालच्यांना किलोमीटरमागं पैसे.

आधीच सांगतो, मला गाडी मिळणार आहे. जळून लिहितोय असं कुणी म्हणायचं नाही.

आमच्या क्वालिटीत एक पोरगं आहे. गेल्या पावसाळ्यात चाकणच्या गिऱ्हाइकाची लाइन थांबली, आमच्या कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे आत हवेची भोकं, निघाली होती. रात्री फोन आला आणि हा गडी स्वतःच्या अल्टोच्या डिकीत बदली माल टाकून कोल्हापूरजवळच्या शिरोलीतून निघाला. येताना कराडजवळ ट्रकच्या चाकाखालचा दगड उडाला, समोरची काच गेली. अकाउंट्सनं किलोमीटर मोजून पैसे दिले. काचेचं काय? तर म्हणे, तुझा इन्शुरन्स आहे की! क्लेम केला, नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची प्रीमियममधली सूट, गेली. तीही त्याचीच.

नशीब, डिकीत काय होतं ते कुणी विचारलं नाही. खासगी गाडीच्या इन्शुरन्समध्ये सॅम्पल आणि स्वतःचं सामान चालतं, कंपनीचा माल नाही. हे चार पानांत कुठं आहे? शोधा.

पण गाडीचा रंग कुणी निवडायचा, ते मात्र आहे.

बरं, मोठा माणूस टिकवायचा तर गाडी द्यावी लागते, मान्य. आणि ती पगारापेक्षा गोड का लागते तेही ठाऊक आहे. ऑफिसला आणि घरला दोन्हीकडं वापरायच्या १६०० सीसीपर्यंतच्या गाडीचे, कंपनीच्या पेट्रोलसकट, वर्षानुवर्षं महिन्याला फक्त १८०० रुपये टॅक्ससाठी उत्पन्नात धरले जायचे. ड्रायव्हरचे वर ९००. म्हणून रविवारी जोतिबाला कंपनीचं डिझेल जळतं आणि सोमवारी आम्हाला कॉस्ट कटिंगवर मीटिंग.

साहेब माणूस वाईट नाहीत हो. २०१९च्या पुरात हायवे बंद होता, तेव्हा कामगारांच्या घरी धान्य पोचवायला आपली गाडी त्यांनीच पहिली काढली होती. म्हणून तर जास्त लागतं. त्या अल्टोची काच त्यांनीही बघितली होती, कँटीनसमोरच उभी होती.

आणि ज्यांना मिळणार त्यांनीही फार हुरळू नका. आरसी कंपनीच्या नावावर, म्हणजे मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कव्हर तुम्हाला लागूच होत नाही. चालवणाऱ्यासाठी वेगळं घ्यावं लागतं. चलन कंपनीला येणार, ते पगारातून कापणार का? नोकरी सोडली तर गाडी कुठल्या भावानं विकत मिळणार? काही नाही. नुसतं ‘व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम’. अरे, मग चार पानं कशाला, एवढंच लिहायचं!

एचआरला लेखी देणार आहे. दोन गाड्या कंपनीच्या नावावर गेटवर ठेवा, चावी सिक्युरिटीकडं, रात्री ज्याला गिऱ्हाइकाकडं पळायचंय त्यानं सही करून न्यावी. स्वतःची गाडी नेली तर क्लेमचं नुकसान कंपनीनं भरायचं. अल्टोच्या काचेपासून, मागच्या तारखेनं.

कुणाच्या कंपनीत बरी पॉलिसी असेल तर इनबॉक्स करा, नावं खोडून.