खुलासा : 'ब्रेक'ने सगळे लूप थांबत नाहीत

प्रॅक्टिकलच्या तोंडावर सी प्रोग्रॅमिंगच्या नोट्सचा एक फोटो ग्रुपांवर फिरतोय. त्यात लिहिलंय, 'ब्रेक दिला की सगळ्या लूपमधून बाहेर. कंटिन्यू दिला की लूप पहिल्यापासून सुरू.' दोन्ही चूक. (लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड; ब्रेक आणि कंटिन्यू या त्यात लिहायच्या आज्ञा.)

ब्रेक फक्त सगळ्यात जवळच्या लूपमधून किंवा स्विचमधून (किमतीनुसार अनेक पर्यायांतला एक निवडणारी रचना) बाहेर काढतो. खात्री करायची तर एकात एक दोन फॉर लूप लिहा, त्यांचे मोजणीचे आकडे आय आणि जे, दोन्ही १ ते ३. आत जे २ झाला की ब्रेक, त्याखाली आय-जे छापणारा प्रिंटएफ. आउटपुटला १-१, २-१, ३-१ अशा तीन ओळी येतात. बाहेरचा लूपही थांबला असता तर एकच आली असती. व्हाइल लूपमधल्या स्विचमध्ये ब्रेक दिलात तर स्विच संपतो, व्हाइल चालूच राहतो. इफला (अट तपासणारी आज्ञा) तर ब्रेक मोजतच नाही. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेत एटी अँड टीची लांब पल्ल्याची फोनसेवा सुमारे नऊ तास कोलमडली, तीही स्विचमधल्या इफमध्ये चुकीच्या जागी पडलेल्या ब्रेकमुळे. सगळे लूप एकदम सोडायचे तर फ्लॅग (थांबायचं का हे सांगणारी खूण), रिटर्न (फंक्शनमधूनच बाहेर) किंवा गोटू (थेट दुसऱ्या जागी उडी). (गोटूला नाकं मुरडतात, पण इथे तो शोभतो.)

कंटिन्यू चालू फेरीचा उरलेला भाग गाळतो, आय परत शून्यावर नेत नाही. फॉरमध्ये आय++ (आय एकने वाढणं) होतंच. व्हाइलमध्ये ते कंटिन्यूच्या खाली असेल तर लूप अनंत फिरतो.

तो फोटो कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हा खुलासा टाका.